थरथर नंतरच का सुटते? (कॅनॉल रोडची कुत्री आणि माझी किल्ली)

कालव्याकाठी · मंगळवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रश्न वैद्यकीय आहे की तात्त्विक हे मला ठरवता येत नाहीये. चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिननी हलवावा.

रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास पुण्यात वारज्याहून घरी येत होतो. मागे लेक, वय चौदा. कर्वेनगरच्या कॅनॉल रोडला एका वळणावर दिवा बंद होता. तिथे कचऱ्याच्या ढिगापाशी कुत्री असतात हे मला ठाऊक आहे, रोजचा रस्ता आहे. एरवी ती ढुंकून बघत नाहीत. त्या दिवशी काय बिनसलं देव जाणे, पाचही एकदम अंगावर आली. एक तर माझ्या उजव्या पोटरीपासून वीतभर अंतरावर होतं. मी ॲक्सिलरेटर पिळला, पाय वर घेतला, समोरून आलेल्या रिक्षाला कट मारला (तो काय म्हणाला ते इथे लिहिण्यासारखं नाही). शंभरेक मीटरवर कुत्र्यांनी नाद सोडला.

आता ऐका. हे चालू असताना मला भीती वाटली नाही. फुशारकी नाही, खरंच सांगतोय. डोकं लख्ख होतं. त्या कुत्र्याचा डावा कान फाटका होता, रिक्षाचा एकच दिवा लागत होता, हे सगळं सावकाश, एकेक करून दिसलं.

घरी पोचलो, गाडी लावली, तीन जिने चढलो आणि कुलपात किल्ली जाईना. हात इतका लटलटत होता की जुडगा खुळखुळ्यासारखा वाजत होता. गुडघ्यांत जीव नाही. लेक म्हणाली, "बाबा, घाबरलास?" मी म्हटलं, "छे गं, थंडी वाजतेय." मे महिन्यात.

तर प्रश्न असा: मी घाबरलोच नव्हतो, तर शरीर कशाला घाबरलं? आणि तेही दहा मिनिटं उशिरा?

---

खोडरबर · मंगळवार, रात्री ११:५१

साडेअकरा वाजता, दिवा बंद असलेल्या रस्त्याने, चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन. बरं. हेल्मेट होतं का? दोघांना?

---

शंकासुर · बुधवार, सकाळी ७:१५

ॲड्रिनलिन. धागा संपला.

---

भूलवाली · बुधवार, दुपारी २:३०

शंकासुर, संपत नाही हो इतक्यात.

मी भूलतज्ज्ञ आहे. ॲड्रिनलिन माझ्या ट्रॉलीच्या वरच्याच कप्प्यात असतं. एक मिलीची इवलीशी काचेची ॲम्प्यूल, आत एक मिलिग्रॅम. हृदय बंद पडलेल्या माणसाला आम्ही ती अख्खी शिरेतून देतो आणि गरज असेपर्यंत दर तीन ते पाच मिनिटांनी पुन्हा देत राहतो, कारण ते टिकत नाही. रक्तातलं ॲड्रिनलिन साधारण दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं.

आता कॅनॉल रोडला या. डोळ्यांनी टिपलेलं मेंदूतल्या थॅलॅमस नावाच्या चौकात येतं. तिथून एक रस्ता मेंदूच्या बाह्यपटलाकडे जातो. तिकडे चित्र नीट तपासलं जातं: कुत्रं आहे, पाच आहेत, एकाचा कान फाटका आहे. दुसरा रस्ता बोळातून काढलेला, थेट अमिग्डालाकडे. बदामाएवढा, बदामाच्या आकाराचा भाग, नावाचा अर्थही ग्रीकमध्ये बदामच. लक्ष्मी रोडची गर्दी चुकवून माहीतगार माणूस वाड्यांमागून कसा निघतो, तसं. हा आडरस्ता मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांमध्ये दाखवून दिला. तिथे तपशील नसतो, फक्त "काहीतरी अंगावर येतंय" एवढंच.

अमिग्डाला हायपोथॅलॅमसला हलवतो, तो सिम्पथेटिक मज्जासंस्थेला. तिचे धागे पाठीच्या कण्यातून छाती-कमरेच्या पट्ट्यात बाहेर पडतात आणि हृदय, बुबुळं, फुप्फुसं, आतडी, त्वचा अशा सगळ्यांना एकाच वेळी निरोप देतात. याला सेकंदही लागत नाही. त्यातलाच एक धागा मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीच्या गाभ्यात जातो. ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमची. तिच्या गाभ्यातून जे सुटतं त्यात सुमारे ८० टक्के ॲड्रिनलिन, उरलेलं बहुतेक नॉरॲड्रिनलिन. मज्जातंतू म्हणजे फोन, ग्रंथी म्हणजे घरोघर पत्रक. पत्रक थोडं उशिरा पोचतं, पण ज्या घरात फोन नाही तिथेही पोचतं.

मग यकृत साठवलेली साखर सोडतं, श्वासनळ्या रुंद होतात, त्वचेच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आवळतात, मांड्या-दंडांच्या उघडतात. दुकान बंद करून सगळी माणसं एकाच कामाला लावायची, असा प्रकार.

आणि थरथर. ॲड्रिनलिन हाताच्या स्नायूंवर थेट काम करतं, त्यासाठी मनात भीती असण्याची गरज नाही. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप घेणाऱ्या कुणालाही विचारा. दोन-चार पफ जास्त झाले की बोटं थरथरतात, कारण ते औषध स्नायूतल्या ॲड्रिनलिनच्याच कुलपांना (रिसेप्टरना) लागतं. माणूस निवांत टीव्ही बघत असला तरी.

म्हणून माझं मत असं की तुमची थरथर उशिरा सुटली नाही, उशिरा दिसली. हँडल गच्च पिळताना ती कुठे दिसणार? दंड-मनगटं पूर्ण ताकदीने आवळलेली होती. किल्ली कुलपात घालणं हे बारीक काम. सुईत दोरा ओवताना हात किती हलतो ते कळतं, बादली उचलताना नाही.

---

कालव्याकाठी · बुधवार, दुपारी ३:०५

डॉक्टर, पटलं, पण एक पाचर मारतो. तुम्हीच म्हणता दोन-तीन मिनिटांत निम्मं. मग गाडी लावून, तीन जिने चढून, दहा मिनिटांनी कसं काय? तोवर चार-पाच वेळा निम्मं झालं असेल की.

---

भूलवाली · बुधवार, रात्री ९:४०

नळ बंद झाला असता तर तुमचं गणित बरोबर होतं. घरी येईपर्यंत डोक्यात तो प्रसंग किती वेळा फिरला? मेंदूला आठवणीतलं कुत्रंही पुरतं. शिवाय मज्जातंतूंच्या टोकांचा पुरवठा वेगळा, आणि वर तीन जिने चढलात.

याच्या मागून दुसरी लाट येते, संथ. हायपोथॅलॅमस मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी ॲड्रिनलच्या बाहेरच्या सालीला, आणि साल कॉर्टिसॉल सोडते. त्याचा रक्तातला कळस प्रसंगानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी येतो. ॲड्रिनलिन खर्च करतं, कॉर्टिसॉल पुढच्या खर्चाची तजवीज करतं. म्हणजे तुम्ही कुलपाशी झगडत होतात तेव्हा कॉर्टिसॉल जिन्यात होतं.

गुडघ्यांत जीव नसणं त्याहून वेगळं. धोका टळला की दुसरी बाजू, पॅरासिम्पथेटिक, ब्रेक दाबते. गाडी जोरात असताना ब्रेक दाबला की हिसका बसतोच. काही जण संकट संपल्यावर चक्कर येऊन पडतात, संकटात नाही.

---

बोरूबहाद्दर · बुधवार, रात्री १०:२०

मला विज्ञान कळत नाही, पण डॉक्टरांचं वाचताना हसू यायला लागलं. हे सगळं आपल्या आज्यांनी आधीच नोंदवून ठेवलंय की. लाळग्रंथी आटली: तोंडचं पाणी पळालं, घशाला कोरड पडली. त्वचेचं रक्त आत गेलं: पांढराफटक पडला, हातपाय गार पडले. केसांच्या मुळाशी असलेले बारके स्नायू आवळले: अंगावर काटा आला. पोट थांबलं: पोटात गोळा आला. दातखीळ बसली, बोबडी वळली. यातला एकही शब्दप्रयोग मनाबद्दल नाही, सगळे अवयवांबद्दल. ‘काळीज’ हे एकच मनाच्या जवळ जाणारं, आणि तेसुद्धा खाटकाकडे मिळतं.

आणखी एक. जुन्या धर्मशास्त्रात आरोपी खरा की खोटा हे ठरवायला जी दिव्यं सांगितली आहेत, त्यांत एक तंडुल दिव्य आहे. मुख्यतः चोरीच्या आळासाठी. तांदूळ चावून पानावर थुंकायचे. रक्त दिसलं किंवा अंग कापायला लागलं की दोषी. कोरड्या तोंडाने कच्चे तांदूळ चावून बघा म्हणजे हिरड्यांचं काय होतं ते कळेल. अर्थात निरपराध माणसाच्या तोंडचं पाणीही पंचांसमोर पळतंच, तेव्हा किती भले लोक यात भरडले गेले असतील कोण जाणे.

---

शंकासुर · बुधवार, रात्री १०:३४

‘रक्त गोठलं’ हे मात्र थाप. रक्त गोठलं असतं तर सांगायला कोण उरलं असतं?

---

भूलवाली · बुधवार, रात्री १०:५०

थोडंसं खरं आहे. नेदरलँड्सच्या लायडनमध्ये २४ निरोगी तरुणांना एकदा भयपट आणि एकदा माहितीपट दाखवून रक्त तपासलं, २०१५ मध्ये ते छापून आलं. भयपटानंतर रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाची पातळी वाढलेली सापडली. प्रत्यक्ष गुठळी कुणाचीच झाली नाही. तयारी मात्र झाली, कारण चावा बसला तर रक्त लवकर थांबायला हवं.

जाता जाता, चावा बसलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. हे विषयांतर नाही.

---

नेपथ्य_चार · गुरुवार, सकाळी ११:१०

कुत्री राहू द्या, मला भरत नाट्य मंदिराची विंग आठवली. पुरुषोत्तमला आमची एकांकिका, पडदा उघडायला दोन मिनिटं, बाहेर ‘आव्वाज कुणाचा’ चाललंय आणि मी आमच्या दिग्दर्शकाला विचारतोय, "मी एकदा जाऊन येऊ का?" पाचव्यांदा. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, तरी पोट धावतंय. डॉक्टर म्हणतात पोट थांबतं. मग आमचं का धावत होतं?

---

भूलवाली · गुरुवार, दुपारी १:५५

वरचा मजला थांबतो, तळमजला धावतो. ताणाच्या वेळी मेंदूतला जो निरोप्या कॉर्टिसॉलची साखळी सुरू करतो, तोच जठर रिकामं होणं लांबवतो आणि मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतो. म्हणून घास उतरत नाही आणि तरी धाव घ्यावी लागते.

जठर थांबतं हे कसं कळलं त्याची गोष्ट छान आहे. हार्वर्डचे वॉल्टर कॅनन विद्यार्थी असताना नव्या क्ष-किरणांखाली मांजरांचं पचन बघत होते. अन्नात बिस्मथ मिसळलं की जठर सावलीसारखं दिसतं. त्यांच्या लक्षात आलं की मांजर बिथरलं की जठराच्या लाटा थांबतात आणि ते शांत झालं की परत सुरू होतात. दुसरा कुणी असता तर मांजर बदललं असतं. यांनी प्रश्न बदलला. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना त्यांचीच, १९१५ मध्ये पुस्तकरूपाने आली.

---

चिंचेचं_बोटुक · गुरुवार, दुपारी ४:२०

माझी उलटी गंमत. दाढ काढायला गेले होते. घाबरले अजिबात नव्हते, तिसरी दाढ होती, सरावलेय. हिरडीत इंजेक्शन दिल्यावर मिनिटभरात छाती अशी धडधडायला लागली की वाटलं, ॲलर्जी आली. चार-पाच मिनिटांत आपोआप थांबलं. मी डेंटिस्टना सांगितलं तर म्हणाले, "तुम्ही घाबरलात, मॅडम." इतका राग आला!

---

भूलवाली · गुरुवार, रात्री ८:१५

राग रास्त आहे. बधिर करण्याच्या लिग्नोकेनमध्ये बहुतेक वेळा ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं, दातांच्या कामात सर्रास एकास ८०,००० किंवा एकास २,००,००० या प्रमाणात. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या आवळाव्यात, बधिरपणा जागेवर टिकावा आणि रक्त कमी जावं म्हणून. थोडं रक्तात गेलं की धडधड होते, आणि विरायला लागणारा वेळ तुमचा तुम्हीच मोजलाय. घाबरण्याचा संबंध असेलच असं नाही. मात्र हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर खुर्चीत बसण्याआधी सांगा.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, रात्री ९:३०

आता मात्र मला राहवत नाही. कालव्याकाठींचा मूळ प्रश्न सगळे विसरले: मी घाबरलो होतो की नाही?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८८४ मध्ये नेमकं हेच उलटं करून मांडलं होतं. आपण म्हणतो, अस्वल दिसलं, भीती वाटली, म्हणून पळालो. जेम्स म्हणाला, अस्वल दिसलं, पळालो, छाती धडधडली, आणि त्या धडधडीची जी जाणीव झाली तिलाच भीती म्हणतात. आधी शरीर, मग भावना. याच जेम्सकडे कॅनन हार्वर्डला शिकले होते आणि १९२७ मध्ये त्यांनीच गुरूचं म्हणणं खोडून काढलं. राग, भीती, ताप या सगळ्यांत अवयव जवळजवळ सारखेच वागतात, मग नुसत्या धडधडीवरून मनाला कसं कळणार की हा राग आहे की भीती? शिवाय सिम्पथेटिकचे धागे तोडलेली मांजरंही फिस्कारतच होती.

बोटुकताईंचा अनुभव या भांडणाच्या बरोब्बर मध्ये बसतो. मारान्योन नावाच्या स्पॅनिश डॉक्टरांनी लोकांना ॲड्रिनलिन टोचून विचारलं, काय वाटतंय? १९२४ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. बहुतेकांनी नुसती धडधड, थरथर सांगितली. काही जण म्हणाले, "जणू काही घाबरल्यासारखं वाटतंय." ‘जणू काही’ महत्त्वाचं. शरीर घाबरलेलं, मन बाजूला उभं राहून बघतंय.

तेव्हा माझा निकाल: तुमचं शरीर कॅनॉल रोडवरच घाबरलं. मनाला ते लेकीने विचारल्यावर कळलं. आणि तुम्ही थंडीचं निमित्त सांगितलंत.

---

शंकासुर · गुरुवार, रात्री ९:४१

मास्तर, निकाल मान्य. पण ते सगळं सावकाश दिसणं? मेंदू जास्त वेगाने चित्रं टिपतो म्हणे.

---

निवृत्त_मास्तर · गुरुवार, रात्री १०:०२

तपासून झालंय. डेव्हिड ईगलमन यांच्या गटाने २००७ मध्ये लोकांना ३१ मीटरवरून खाली जाळीत पडू दिलं, मनगटावर भराभर बदलणारे आकडे दाखवणारं घड्याळ बांधून. खरोखर संथ दिसत असेल तर ते आकडे वाचता यायला हवेत. नाही आले. पण स्वतः किती वेळ पडलो याचा अंदाज त्यांनी वाढवून सांगितला, दुसऱ्यांच्या पडण्यापेक्षा सरासरी ३६ टक्के जास्त. वेळ संथ झाला नाही, आठवण दाट झाली. फाटका कान त्या दाटीतलाच.

---

ऊसवाला_ओतूर · शुक्रवार, पहाटे ५:५०

शहरातल्या लोकांचं कुत्र्यावर एवढं, मग आमचं ऐका. रात्रीची लाईट, म्हणून रात्रीच पाणी द्यावं लागतं. दोन वर्षांमागं बारं मोडायला गेलो, बॅटरी उसाच्या सरीत मारली तर दोन डोळे. पंधरा-वीस फूट. बिबट्या.

मी ना लढलो, ना पळालो. पाय चिखलात रोवल्यासारखे. ओरडायला तोंड उघडलं, आवाज नाही. छाती धडधडण्याऐवजी थांबलीच असं वाटलं. किती वेळ, सांगता येणार नाही. तो वळला आणि उसात गेला, पानं सळसळली, तेव्हा माझ्या हातातून खोरं पडलं. गावात मित्र हसतात अजून, भित्रा म्हणून. तुमच्या त्या लढा किंवा पळा मध्ये आम्ही कुठं बसतो?

---

भूलवाली · शुक्रवार, दुपारी २:१०

दादा, तुम्ही तिसऱ्या खान्यात बसता आणि तो खाना बहुधा आधी येतो. त्याला थिजणं म्हणतात. शिकारी प्राण्यांची नजर हालचाल पटकन टिपते, त्यामुळे सशापासून माणसापर्यंत अनेकांच्या शरीराने हा डाव राखून ठेवलाय. तेव्हा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही एकदम दाबलेले असतात. स्नायू ताठ, आणि हृदयाचे ठोके व्हेगस नावाच्या, ब्रेकच्या बाजूच्या नसेमुळे वाढण्याऐवजी कमी होतात. छाती थांबली असं वाटलं ते खोटं नव्हतं. हा निर्णय तुम्ही घेतलेला नाही, तुमच्यासाठी घेतला गेला. मित्रांना एकदा सरीत पाठवा रात्री.

पळाला नाहीत हे चांगलंच झालं. बिबट्यासमोर पाठ करून पळू नये, वाकू नये, असंच सांगतात.

---

टेकडीवाली · शुक्रवार, सायंकाळी ६:४५

हे वाचून मला गवा आठवला. ९ डिसेंबर २०२०, कोथरूडची महात्मा सोसायटी. सकाळी टेकडीवरून परत येत होते तर गल्लीच्या तोंडाशी गर्दी. आधी कुणीतरी म्हैस म्हणालं. मग दिसला. पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, प्रचंड, चमकदार, आणि पूर्ण गोंधळलेला. एका फाटकाकडे जायचा, तिथे माणसं, वळायचा, तिथेही मोबाईल वर धरलेले हात. ऊसवाल्या दादांना निदान अंधार होता. त्याला लपायला एक झाड नव्हतं. कडेने पळताना त्याच्या बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या, ते अजून डोळ्यांपुढे आहे. पुढे कित्येक तास ती पळापळ, भुलीचं इंजेक्शन, आणि संध्याकाळी बातमी आली की मेला.

नुसत्या पळापळीनेही प्राणी मरू शकतो का, असं तेव्हा ओळखीच्या एका पशुवैद्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, मोठ्या रानटी प्राण्यांना पाठलाग करून पकडताना हा धोका कायम असतो. स्नायू क्षमतेपलीकडे राबतात, तुटायला लागतात, त्यांतलं रक्तात उतरतं, रक्त आम्लधर्मी होतं, शरीर तापतं, मूत्रपिंडं आणि हृदय हार मानतात. पळण्याची यंत्रणा थोड्या वेळासाठी आहे. पळून कुठेतरी पोचता येईल, या हिशेबाने ती बनलीय.

मी बाल्कनीतून नाही, गर्दीतूनच बघत होते. मीही एक फोटो काढला होता. नंतर डिलीट केला.

---

स्प्रिंट_संपेना · शुक्रवार, रात्री ११:३०

टेकडीवाली, तुमचं शेवटचं वाक्य वाचून थांबलो जरा.

माझं सांगतो. हिंजवडी. दर सोमवारी दहाचा कॉल. माझी पाळी यायच्या आधी मनगटावरचं घड्याळ ठोके ११८ दाखवतं, खुर्चीत बसून. ना कुत्रं, ना बिबट्या, चौदा चौकटींतले चौदा चेहरे, त्यातले नऊ कॅमेरा बंद. पळायला जागा नाही आणि लढलो तर अप्रेझल. यकृताने सोडलेल्या साखरेचं मी करू काय? कुणी म्हणालं प्रोप्रानोलॉलची गोळी घे, गाणारे-वाजवणारे घेतात.

---

भूलवाली · शनिवार, सकाळी ८:२०

प्रोप्रानोलॉलने धडधड आणि थरथर कमी होते हे खरं, कारण ॲड्रिनलिनच्या कुलपांत ते आधीच जाऊन बसतं. पण तीच कुलपं श्वासनळीतही आहेत. दमा असणाऱ्याने मित्राच्या सांगण्यावरून गोळी घेतली तर कॉलऐवजी कॅज्युअल्टीत हजेरी लागायची. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही. आणि छातीत दुखत असेल तर "टेन्शन असेल" म्हणून घरी बसू नका, आधी ईसीजी.

साखरेचं म्हणाल तर कॉलनंतर चार मजले जिन्याने उतरा-चढा. तिला हवं होतं ते काम मिळेल. कॉलच्या आधी श्वास सोडणं लांबवा, घेण्याच्या दुप्पट. श्वास सोडताना व्हेगस हृदयाला किंचित आवरते, हे ईसीजीच्या पट्टीवरही दिसतं. यात अध्यात्म शोधू नका, नसलं तरी चालतं.

रोजचंच झालं असेल तर मात्र ते वेगळं प्रकरण. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवर दाखवलं होतं: त्रास कुठलाही द्या, थंडी, इजा, विष, तो चालूच राहिला की ॲड्रिनलची साल सुजते, प्रतिकारशक्तीच्या ग्रंथी आकसतात, जठरात व्रण पडतात. तुमचा सोमवार एवढ्यावर जाणार नाही, पण सातही वार सोमवार झाले तर रक्तदाब आणि साखर तपासा.

---

दोन_वेण्या · शनिवार, सकाळी १०:०५

पाच दिवस झाले, वीसेक प्रतिसाद. कुत्र्याचा कान झाला, रिक्षाचा दिवा झाला, गवा झाला, बिबट्या झाला. मागे बसलेल्या मुलीला काय झालं ते एकानेही विचारलं नाही. हँडल बापाच्या हातात. तिला लढताही येत नव्हतं आणि पळताही.

मानसशास्त्रज्ञ शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये हाच मुद्दा काढला होता. ताणावरचं बरंचसं संशोधन नरांवर झालं आणि त्यावरून सगळ्यांबद्दल बोललं गेलं. त्यांचं म्हणणं, लढणं-पळणं सोडून आणखी एक चाल असते: पिल्लाला कवटाळायचं, कुणाला तरी धरून राहायचं. हे फक्त बायकांचं असं मी म्हणणार नाही. पण विचारा तिला.

---

कालव्याकाठी · रविवार, रात्री १०:१५

विचारलं.

म्हणाली, मी डोळे मिटले होते आणि तुझा शर्ट धरला होता. (खरं आहे. कंबरेपाशी शर्टाची शिवण उसवलीय, मला वाटलं धुण्यात गेली.) म्हणाली, भीती तेव्हाच वाटली, नंतर नाही. हात नाही थरथरले. पण झोप दोनपर्यंत नव्हती, आणि सगळ्यात जास्त भीती कुत्र्यांची नाही वाटली. तू काहीच बोलत नव्हतास त्याची वाटली.

मी बोलत नव्हतो हे मला माहीतच नव्हतं. मला तर आठवतंय मी तिला "घट्ट धर" म्हणालो. ती म्हणते, नाही म्हणालास.

काल पुन्हा त्याच रस्त्याने गेलो, मुद्दाम, एकटा, उजेडी. वळणाच्या बऱ्याच आधी, मेडिकलच्या दुकानापाशीच, तळवे ओले. ग्रिपवरून हात निसटायला लागला. कुत्री पाचही ढिगाशेजारी आडवी पसरलेली. फाटक्या कानाच्याने एक डोळा उघडला आणि मिटला. दिवा अजून बंदच आहे, तक्रार टाकलीय.

घरी येऊन लेकीला सांगितलं, त्या दिवशी थंडी नव्हती वाजत. म्हणाली, "माहितीये."

---

खोडरबर · रविवार, रात्री १०:२२

हेल्मेटचं उत्तर अजून आलेलं नाही.